वरची कुंडलिका, खालची कुंडलिका

एक कुटुंब नव्याकोऱ्या गाडीतून सहलीला निघालंय. गाडीत एसी आहे, स्टिअरिंग लोण्यासारखं फिरतंय. बाहेर मात्र रस्ता उखडलेला, कडेला कचरा, आणि जाहिरातींचे फलक इतके की मागचा डोंगर दिसू नये. दुपारी ही मंडळी ओढ्याकाठी थांबतात, छान वेष्टनात बांधलेलं खाणं बाहेर काढतात. ओढ्याचं पाणी घाण झालेलं आहे.

हे वाचून तुम्हाला शनिवारचा मुंबई-गोवा महामार्ग आठवला असेल तर नवल नाही. पण चित्र आहे १९५८ सालच्या अमेरिकेचं. जॉन केनेथ गॅल्ब्रेथ या अर्थतज्ज्ञाच्या ‘द ॲफ्लुएंट सोसायटी’ या पुस्तकातला हा सगळ्यात गाजलेला प्रसंग. मी तो माझ्या शब्दांत सांगितला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जी भरभराट आली, तिच्यावर ती ऐन भरात असतानाच लिहिलेलं हे पुस्तक. अर्थशास्त्राचं असूनही ते खूप खपलं, आणि त्यातले काही शब्द रोजच्या इंग्रजीत कायमचे शिरले.

मी हे पुस्तक दिवा-रोहा गाडीत, फोनवर, तुकड्यातुकड्यांनी वाचलं. मी पेणची. त्यामुळे वाचताना डोळे स्क्रीनवर आणि मन खिडकीबाहेर असं सतत होत राहिलं. या पुस्तकावर आजवर पुष्कळ लिहिलं गेलंय, पण बहुतेक विद्यापीठांच्या खिडकीतून. पेण-रोह्याच्या खिडकीतून ते कसं दिसतं, ते मला सांगायचं आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: गॅल्ब्रेथ समृद्धीचं अर्धं चित्र इतकं नेमकं दाखवतो की आपल्या गावाचीच फाईल उघडल्यासारखं वाटतं. पण उरलेलं अर्धं चित्र त्याच्या एका रूपकाखाली झाकलं जातं. ते रूपक म्हणजे बेट.

पुस्तक काय म्हणतं

युद्ध संपलं तेव्हा अमेरिकेत अनेकांना धास्ती होती, की लाखो सैनिक घरी परतले की १९३० च्या दशकातली मंदी पुन्हा येणार. झालं उलटं. जून १९४४ मध्ये मंजूर झालेल्या जीआय बिलामुळे परतलेल्या सैनिकांना सरकारी खर्चानं कॉलेजात शिकता आलं, घरासाठी सरकारी हमीवर कर्ज मिळालं. १९४७ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर, बटाट्याच्या शेतांत, लेव्हिटटाउन नावाची वसाहत उभी राहू लागली. कारखान्यात गाड्या बनाव्यात तशी एकसारखी घरं तिथे धडाधड बांधली गेली. १९४० मध्ये स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारी अमेरिकन कुटुंबं साधारण ४४ टक्के होती. १९६० मध्ये ती ६२ टक्क्यांच्या आसपास पोहोचली. १९५० मध्ये शंभरातल्या जेमतेम नऊ घरांत टीव्ही होता. दहा वर्षांत तो पंच्याऐंशीहून जास्त घरांत गेला. १९५६ मध्ये ४१ हजार मैल महामार्ग बांधण्याचा कायदा झाला. आणि १९५८ मध्ये, म्हणजे हे पुस्तक आलं त्याच वर्षी, बँक ऑफ अमेरिकानं कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात लोकांनी न मागताच त्यांच्या घरी पोस्टानं क्रेडिट कार्डं पाठवली. आपल्या पाकिटातल्या व्हिसा कार्डाचं ते पूर्वज.

या सगळ्या जल्लोषात गॅल्ब्रेथनं एक साधा प्रश्न विचारला: एवढं सगळं बनतंय, पण कुणासाठी आणि कशासाठी? त्याचं म्हणणं असं, की अर्थशास्त्राचे जुने नियम टंचाईच्या काळात घडले. पोट भरत नव्हतं तेव्हा ‘उत्पादन वाढवा’ हे शहाणपण होतं. आता पोट भरलंय, तरी आपण तेच पाढे म्हणतोय. अशा सवयीनं खऱ्या मानलेल्या कल्पनांना त्यानं जे नाव दिलं, त्याला मराठीत ‘रूढ शहाणपण’ म्हणता येईल.

दुसरा मुद्दा जास्त धारदार. खाजगी वस्तू वाढल्या की आपण टाळ्या वाजवतो, सार्वजनिक सोयींवरचा खर्च वाढला की कपाळाला आठ्या घालतो. घर झाडायचं यंत्र म्हणजे प्रगती, आणि रस्ता झाडणाऱ्याचा पगार म्हणजे बोजा. त्यामुळे घरं चकाचक होतात आणि गल्ल्या उकिरडा. गाड्या वाढतात, पण गाड्यांना लागणारे रस्ते, वाहनतळ, दवाखाने त्या प्रमाणात वाढत नाहीत. या तोल जाण्यालाच तो खरी समस्या मानतो.

दोन शेजारी

हा वाद आपल्याकडे आयात झालेला नाही. पेण आणि रोहा या दोन शेजारच्या तालुक्यांनी त्याच्या दोन्ही बाजू गॅल्ब्रेथच्या कितीतरी आधी जगाला दिल्या होत्या.

चिंतामणराव देशमुखांचं बालपण रोह्यात गेलं. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स इथे जी परिषद झाली, तिथे ते भारताच्या शिष्टमंडळात होते. युद्धानंतरच्या जगाची आर्थिक घडी याच परिषदेत बसली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया तिथेच घातला गेला. म्हणजे अमेरिकन भरभराटीचे नियम लिहिले जात होते तेव्हा त्या टेबलाशी आपल्या रोह्याचा एक माणूस बसलेला होता. भारतानं तिथे युद्धकाळात ब्रिटनकडे अडकलेल्या आपल्या पैशांचा प्रश्न मांडला. तो त्या टेबलावर सुटला नाही.

विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ मध्ये जन्मले. एप्रिल १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत त्यांना पहिलं भूदान मिळालं. योगायोग पाहा: त्याच महिन्यापासून पहिली पंचवार्षिक योजना लागू झाली आणि तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते देशमुख. एक शेजारी हिशेबाच्या वहीतून देश उभारायला निघालेला, दुसरा पायी चालत जमीन मागायला. एक म्हणत होता उत्पादन वाढवल्याशिवाय गत्यंतर नाही. दुसरा म्हणत होता आधी वाटून घ्या, आणि गरजा आवरा.

गॅल्ब्रेथ १९६१ ते १९६३ या काळात भारतात अमेरिकेचा राजदूत होता. त्याच्या पुस्तकातही हे दोघे शेजारी भांडताना ऐकू येतात. उत्पादनाची पूजा करू नका म्हणताना तो गागोद्याकडे झुकतो. कर वाढवा आणि सार्वजनिक खर्च करा म्हणताना रोह्याकडे. पुस्तक वाचनीय होतं ते या ओढाताणीमुळेच.

चित्र जिथे तंतोतंत जुळतं

आता खिडकीबाहेर पाहू. सत्तरच्या दशकापासून रोह्याजवळ धाटावला एमआयडीसी उभी राहिली, तिथे मुख्यतः रासायनिक कारखाने आले. नागोठण्याला आयपीसीएलचा पेट्रोकेमिकल प्रकल्प आला. पेण तालुक्यात डोलवीला पोलाद कारखाना आला. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते. १९९८ मध्ये ती पुढे थेट कर्नाटकात मंगळूरपर्यंत धावू लागली. तिकडे नवी मुंबई फुगत पनवेल ओलांडून पेणच्या वेशीला टेकली. पन्नाशीच्या अमेरिकेत जे झालं त्याची छोटी, उशिराची आवृत्ती आमच्याकडे आली: शिफ्टची नोकरी, कर्जाची दुचाकी, मग फ्लॅट, मग चारचाकी. पागोळीखाली रचलेल्या लाकडांच्या जागी इनव्हर्टर आला.

आणि रस्ता? अमेरिकेनं १९५६ मध्ये महामार्गांचा कायदा केला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत देशभर जाळं विणून काढलं. मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. त्यानंतर दशकभराहून जास्त काळ पेणकर, नागोठणेकर आणि गणपतीला गावी जाणारे चाकरमानी त्या कामातून धुळीची, चिखलाची आणि खड्ड्यांची वाट काढत राहिले. या काळात रस्त्यावरच्या गाड्या मात्र दर वर्षी नव्या येत होत्या. गॅल्ब्रेथला उदाहरण हवं असतं तर त्यानं वडखळ नाक्यावर उभं राहायला हवं होतं.

पाण्याचंही तसंच. पेण तालुक्यातलं हेटवणे धरण भरलेलं असतं आणि त्याचं पाणी मोठ्या प्रमाणावर नवी मुंबईच्या वसाहतींकडे जातं. त्याच तालुक्यातल्या खारेपाटात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. घरात वॉटर प्युरिफायर आणि नळाला पाणी नाही, असं घर तुम्ही खारेपाटात पाहिलं असेल, तर ‘खाजगी श्रीमंती, सार्वजनिक दैना’ यावर वेगळं व्याख्यान नको.

पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँक २०१० मध्ये कोसळली तेव्हा लाखाहून जास्त ठेवीदारांचे पैसे अडकले. भाजीवाले, शिक्षक, निवृत्त कामगार, मूर्तीचे कारखानदार. इथेही गॅल्ब्रेथ उपयोगी पडतो, थोड्या वळणानं. आपल्याला वाटतं बचत ही अगदी खाजगी गोष्ट, पासबुकातली. पण तिचा भरवसा उभा असतो सार्वजनिक देखरेखीवर: हिशेब तपासणाऱ्यांवर, नियामकावर. ती देखरेख कुणाला दिसत नाही, म्हणून तिच्यावर खर्च करावा असं कुणाला वाटत नाही. रस्ता झाडणारा जसा दिसत नाही, तसाच हा.

पहिली शंका: गणपती गरज आहे की नाही?

आता जिथे माझं आणि पुस्तकाचं बिनसतं, तिथे येऊ. गॅल्ब्रेथचा एक लाडका सिद्धांत असा, की श्रीमंत समाजात गरजा माणसाच्या आतून येत नाहीत. ज्या यंत्रणा वस्तू बनवतात त्याच जाहिराती करून गरजाही बनवतात. मग ‘लोकांना हवंय म्हणून आम्ही बनवतो’ या म्हणण्यात दम राहत नाही.

१९६१ मध्ये फ्रीडरिश हायेकनं याला उत्तर दिलं. त्याचा युक्तिवाद असा: अन्न-वस्त्र-निवारा सोडला तर माणसाच्या जवळजवळ सगळ्याच इच्छा समाजाकडून शिकलेल्या असतात. संगीत, साहित्य यांची ओढ घेऊन कुणी जन्माला येत नाही. म्हणून त्या इच्छा खोट्या किंवा हलक्या ठरत नाहीत.

हायेकशी माझं एरवी फारसं जमत नाही. पण पेणमध्ये राहून या मुद्द्यावर त्याच्याविरुद्ध बोलणं कठीण आहे. आमचं अर्धं गाव शिकलेल्या इच्छेवर जगतं. हमरापूर, जोहे, कळवे या गावांत घरटी गणपतीचा कारखाना. एक उत्सव संपला की पुढच्याची तयारी. कुणी साच्यातून मूर्ती काढतं, कुणी रंगकाम करतं, कुणी फक्त डोळ्यांची आखणी. रंग न दिलेल्या कच्च्या मूर्ती ट्रकांतून राज्यभर जातात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती जहाजानं जायच्या म्हणून पावसाळ्याच्या आधीच निघतात. त्यातली एखादी न्यू जर्सीच्या उपनगरात, १९६५ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर तिकडे गेलेल्या मराठी कुटुंबाच्या घरी बसते. अमेरिकन भरभराटीतून जन्मलेल्या उपनगराला पेणची भरभराट अशी जाऊन भेटते.

उंच मूर्तीची हौस वाढवली कुणी? मंडळांच्या चढाओढीनं, वर्गणीनं, फोटोंनी. ती शिकवलेली इच्छा आहे, कबूल. पण शाडूच्या वीतभर मूर्तीची इच्छाही शिकलेलीच होती. म्हणून ‘ही इच्छा खरी की खोटी’ हा प्रश्न मला निरुपयोगी वाटतो. विचारायचं ते हे, की इच्छा पुरी झाल्यावर जे उरतं ते कुणाच्या दारात जाऊन पडतं. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात विरघळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० मध्ये तिच्या विरोधात नियम केले. त्या नियमांचा हिशेब मात्र पहिल्यांदा मांडावा लागला हमरापूरच्या कारागिराला, ज्यानं कर्ज काढून साचे घेतले होते. मोठ्या मूर्तीची हौस एका गावाची, तळाशी साचलेला गाळ दुसऱ्याचा, आणि बंदीची धास्ती तिसऱ्याला. गॅल्ब्रेथ इच्छेच्या उगमाशी थांबतो. तिच्यामागून वाहत जाणाऱ्या पाण्याबरोबर तो चालत नाही.

दुसरी शंका: बेट

श्रीमंत देशातही गरिबी का उरते, याचं उत्तर देताना गॅल्ब्रेथ दोन प्रकार करतो. एक, व्यक्तीची गरिबी: आजारपण, व्यसन, काही तरी वैयक्तिक अडचण. दुसरी, बेटासारखी गरिबी: एखादा डोंगराळ, मागास टापू, जिथे जवळजवळ सगळेच गरीब असतात आणि भरभराटीचा समुद्र भोवती असूनही आत शिरत नाही.

मी इथे बराच वेळ थांबले. कारण पेण-रोह्यात अशी बेटं पहिल्या नजरेला दिसतात. रस्ता सोडून आत गेलं की कातकरी वाडी. कुडाची नाहीतर घरकुलातली घरं. कितीतरी वाड्यांची जमीन दुसऱ्याच्याच नावावर. सरकारी भाषेत कातकरी हा विशेष असुरक्षित आदिवासी गट. पाहुणा म्हणेल, विकास अजून इथवर पोहोचला नाही. बेट.

पण त्या वाडीत दिवाळीनंतर जा. घरांना कुलपं, किंवा दाराला नुसती दोरी. माणसं वीटभट्टीवर गेलेली. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा घेतलेली उचल आता विटा थापून फेडायची असते. नवरा, बायको आणि हाताशी आलेली मुलं मिळून हजार विटांमागे ठरलेल्या दरानं काम करतात. आठवड्याला खर्ची मिळते, बाकीचा हिशेब हंगाम संपल्यावर. आणि तो हिशेब पुष्कळदा पुन्हा उचलीवरच येऊन थांबतो. जूनच्या आधी माणसं परत येतात. मुलांची शाळा मधल्या मधे सुटलेली असते.

त्या विटा कुठे जातात? पेणच्या, पनवेलच्या, रोह्याच्या इमारतींत. ज्या फ्लॅटच्या गॅलरीत उभं राहून आपण म्हणतो की विकास अजून वाडीवर पोहोचला नाही, त्या गॅलरीची भिंत वाडीनं थापलेली आहे. मग ते बेट कसलं? समुद्र त्याच्या आतबाहेर रोज करतोय. जाताना श्रम घेऊन जातो, येताना उचल घेऊन येतो.

हीच चूक पुस्तकात अमेरिकेबद्दलही आहे. लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांखेरीज इतरांना राहायला मनाई करणारं कलम होतं. जीआय बिल कागदावर सगळ्या सैनिकांसाठी होतं, पण कर्ज देणाऱ्या बँका आणि ते राबवणारे स्थानिक अधिकारी यांच्या हातून ते काळ्या सैनिकांपर्यंत फारच कमी पोहोचलं. म्हणजे शहरांतल्या काळ्या वस्त्या ही भरभराट न पोहोचलेली बेटं नव्हती. उपनगरांची भिंत बांधताना त्या भिंतीची दुसरी बाजू म्हणून त्या तयार झाल्या होत्या. गॅल्ब्रेथच्या पुस्तकात वर्णभेद मध्यभागी येत नाही, आणि बेटाचं रूपक वापरल्यावर तो मध्यभागी यायची गरजही उरत नाही. बेटाला कुणी बेट बनवत नसतं ना.

आपल्याकडच्या इतिहासातही ही भिंत दिसते. जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या कुळांनी खोतांच्या जाचाविरुद्ध मोठा लढा दिला. अलिबाग तालुक्यातला चरीचा शेतकरी संप १९३३ मध्ये सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. १९४९ मध्ये खोती संपवणारा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनापासून कसणारी कुळं जमिनीची मालक ठरू लागली. हे आपलं जीआय बिल म्हणा. पुढच्या भरभराटीत ज्यांना नोकरी, मोबदला, कर्ज मिळालं, त्यातल्या अनेकांच्या पायाखाली ही जमीन होती. कातकऱ्याचं नाव मात्र कूळ म्हणून सातबाऱ्यावर क्वचितच लागलेलं होतं. पाया वाटला गेला तेव्हा तो रांगेत नव्हता, आणि इमारत उभी राहिली तेव्हा वीट त्याच्या डोक्यावर होती.

तिसरी शंका: सार्वजनिक म्हणजे कोण?

गॅल्ब्रेथचं औषध सरळ आहे: सार्वजनिक बाजू भक्कम करा. मला हे औषध मान्य आहे. रस्ता, पाणी, शाळा, दवाखाना हे बाजारावर सोडून चालत नाही हे आमच्याकडे लहान मूलही सांगेल. पण पेण-रोह्यात ‘सार्वजनिक’ हा शब्द सरळ नाही.

कोलाडला कुंडलिकेत सकाळी राफ्टिंग चालतं. हे पाणी येतं भिऱ्याहून. सह्याद्रीच्या पलीकडे, मुळशीच्या धरणात साठलेलं पाणी टाटांच्या भिरा वीजकेंद्रात खाली सोडून वीज बनते आणि मग ते कुंडलिकेला मिळतं. त्या मुळशी धरणात गावं बुडू नयेत म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला होता. तरी धरण झालं, १९२७ पासून भिऱ्याची वीज मुंबईला जाऊ लागली. जमीन घेतली गेली ती ‘सार्वजनिक हित’ या नावानं.

नागोठण्याचा आयपीसीएल प्रकल्प सार्वजनिक क्षेत्रातला होता. देशाचा कारखाना म्हणून जमिनी गेल्या. २००२ मध्ये सरकारनं कंपनीचा ताबा रिलायन्सला विकला. जमीन देणारा तोच राहिला, घेणारा बदलला.

आणि २००५ च्या सेझ कायद्यानंतर महामुंबई सेझसाठी उरण, पनवेल, पेणच्या शेतजमिनी घ्यायचा घाट घातला गेला, तोही सार्वजनिक हिताच्याच जुन्या कायद्यानं, खाजगी कंपनीसाठी. इथे मात्र वेगळं घडलं. हेटवण्याच्या लाभक्षेत्रात येणाऱ्या पेण तालुक्यातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारला शेतकऱ्यांचा कौल घ्यावा लागला. शेतकऱ्यांनी मोठ्या संख्येनं नकाराच्या बाजूनं मत दिलं. पुढे भूसंपादनाची मुदत संपली आणि प्रकल्प मागे पडला.

गॅल्ब्रेथच्या पुस्तकात ‘सार्वजनिक’ म्हणजे सरकारचा खर्च. त्या २२ गावांत ‘सार्वजनिक’ म्हणजे रांगेत उभं राहून मत देणारी माणसं. पहिल्याचं अंदाजपत्रक वाढवून दुसरं आपोआप वाढत नाही. त्याच्या बाजूनं एवढं म्हणायला हवं, की १९६७ च्या ‘द न्यू इंडस्ट्रियल स्टेट’ या पुस्तकात त्यानं मोठ्या कंपन्या आणि सरकार कसे एकमेकांत मिसळून जातात हे स्वतःच दाखवलं. पण खपलं, गाजलं आणि लक्षात राहिलं ते पहिलं पुस्तक, त्याच्या साध्या तराजूसकट: एका पारड्यात खाजगी, दुसऱ्यात सार्वजनिक. आमच्याकडे तराजू धरणारा हातच बऱ्याचदा एका पारड्यात बसलेला असतो.

मग हे पुस्तक वाचायचं का?

नक्की वाचा. इंग्रजी अवघड नाही, आणि विनोद कोरडा पण चांगला आहे. अशा पुस्तकांनी काय होतं, असं कुणी विचारलं तर एक खरी गोष्ट सांगते. १९६२ मध्ये मायकेल हॅरिंग्टननं ‘दि अदर अमेरिका’ लिहिलं. गॅल्ब्रेथच्या श्रीमंत समाजात कोट्यवधी गरीब आहेत आणि ते दिसेनासे झालेत, असं त्याचं म्हणणं. पुस्तक सुरुवातीला हळूहळू विकलं जात होतं. जानेवारी १९६३ मध्ये ड्वाइट मॅकडोनाल्ड या समीक्षकानं ‘द न्यूयॉर्कर’मध्ये त्यावर भलामोठा लेख लिहिला. तो लेख केनेडींच्या व्हाइट हाउसपर्यंत पोहोचला, पुस्तकाला वाचक मिळाले, आणि १९६४ मध्ये जॉन्सननं गरिबीविरुद्ध जी मोहीम जाहीर केली तिच्यामागे जी चर्चा होती तिच्यात या लेखाचा वाटा मानला जातो. एका पुस्तक परीक्षणाचा.

अमेरिकेच्या भरभराटीचं एक मोठेपण मला इथे दिसतं. गाड्या आणि टीव्ही तर होतेच. पण ती चालू असतानाच तिच्यावर तिच्याच घरातून लिहिलं गेलं. आर्थर मिलरनं १९४९ मध्ये ‘डेथ ऑफ अ सेल्समन’ हे नाटक आणलं, १९६२ मध्ये रेचल कार्सननं कीटकनाशकांवर ‘सायलेंट स्प्रिंग’ लिहिलं. मराठीत कोकण म्हटलं की श्री. ना. पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’पासून ‘तुंबाडचे खोत’पर्यंत एक भक्कम परंपरा आठवते: वाडे, खोत, खाडी, माणसांची जिद्द आणि पडझड. ती परंपरा मला प्रिय आहे. पण आमच्या पिढीचं कोकण धाटावच्या रात्रपाळीत, मिनीडोरच्या मागच्या सीटवर, मूर्तीच्या कारखान्यात हेडफोन लावून डोळे आखणाऱ्या पोरात आणि उचल फेडणाऱ्या वाडीत आहे. तिथली भरभराट खरी आहे. तिला नुसती नावं ठेवून चालणार नाही. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली त्या भरभराटीमुळेच शिकल्या. पण तिचा हिशेब तिच्या भाषेत मांडायचं काम पुष्कळ बाकी आहे, आणि ते मुंबईतून येऊन कुणी करणार नाही.

ते करताना गॅल्ब्रेथचा डोळा हाताशी असावा, बेट मात्र सोडून द्यावं. त्याच्या जागी मला कुंडलिका सुचते. कोलाडला सकाळी भिऱ्याचं पाणी सुटतं, मुंबईहून आलेली मंडळी लाइफ जॅकेट घालून ओरडत खाली येतात. पाणी तिथे थंड आणि स्वच्छ असतं. तीच नदी पुढे धाटावजवळून आणि रोहा शहराजवळून जाते, आणि तिथून खाली तिचं नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत येतं. खाडीकाठचे कोळी मासळी घटल्याची तक्रार वर्षानुवर्षं करत आले आहेत. वरची आणि खालची अशा दोन नद्या नाहीत. सहलीचं पाणी आणि तक्रारीचं पाणी एकच आहे, मध्ये फक्त काही किलोमीटर आणि काही निर्णय आहेत.

गॅल्ब्रेथचं कुटुंब घाण पाण्याच्या ओढ्याकाठी बसून खातं आणि नंतर आपल्या समृद्धीबद्दल विचारात पडतं. पुस्तक त्यांना तिथेच सोडून पुढे जातं. ते पाणी वरून कुठून आलं आणि खाली कुणाच्या जाळ्यात जाणार, हे त्या कुटुंबानं विचारलं असतं तर पुस्तक वेगळं झालं असतं. पुढच्या वेळी कोलाडला गेलात तर राफ्ट जिथे थांबते तिथे थांबू नका. गाडी काढून नदीच्या कडेकडेनं रोह्याच्या पुलापर्यंत या, आणि जमलं तर पुढे खाडीपर्यंत.